पाच लिटरचा केग, आठ महिने आणि एक वायसर

शनिवारी घरी दहा माणसं, कढईत भजी, आणि केगच्या नळाला साइडर (सफरचंदाचा रस आंबवून केलेलं मद्य) येतेय ती मे महिन्यातल्या नगरपालिकेच्या पाण्यासारखी, करंगळीएवढी. आदल्या रात्रीच गॅसची नवी नळकांडी लावली होती, सकाळी काटा शून्यावर. त्या रात्री चिडून हे लिहायला घेतलं तेव्हा एकच तारा देणार होतो. मधल्या दोन आठवड्यांत मत थोडं सरकलंय.

वस्तू तुम्हाला माहीत असेलच: पाच लिटरचा स्टीलचा केग, झाकणावर नळ आणि रेग्युलेटर, कार्बन डायऑक्साइडच्या 16 ग्रॅमच्या नळकांडीवर चालणारा. ऑक्टोबरात 90 पौंडांना घेतला. आम्ही इंग्लंडात हेरफर्डशायरला राहतो. शेजाऱ्यांच्या परसात ब्रॅम्ली सफरचंदाचं झाड आहे आणि नोव्हेंबरात जवळच्या बागेतून डॅबिनेट जातीच्या सफरचंदांचा रस मिळतो. ब्रॅम्ली निव्वळ आंबट, डॅबिनेट गोडसर-तुरट. ब्रॅम्ली एक भाग, डॅबिनेट तीन धरलं की जमतं. इथे स्वतःच्या पिण्यापुरती घरी करायला परवाना लागत नाही. महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांनी मात्र वाचूनच समाधान मानावं, तिकडे 1949 चा दारूबंदी कायदा आहे.

केग घेतला कारण बायकोला साइडर गोड हवी आणि मला फसफसणारी. बाटलीत हे दोन्ही एकत्र होत नाही. यीस्ट सगळी साखर खाऊन टाकतं. माझ्या रसाची घनता (पाण्याची 1 धरून) 1.050 वर सुरू झाली आणि 0.998 वर थांबली, म्हणजे पावणेसात टक्के अल्कोहोल आणि गोडवा शून्य, जीभ टाळूला चिकटेल अशी कोरडी. बाटलीत लिटरला 7 ग्रॅम साखर घातली तर छान बुडबुडे येतात, पण ती साखर बुडबुड्यांतच संपते. गोडीसाठी म्हणून 20 ग्रॅम घालाल तर यीस्ट तीही खाणार. 4 ग्रॅम साखरेतून साधारण 2 ग्रॅम गॅस निघतो. म्हणजे जवळजवळ शॅम्पेनचा दाब, तोही बिअरच्या साध्या बाटलीत. गेल्या वर्षी बाटल्या 65 अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून यीस्ट मारायचा प्रयोग केला. एक बाटली पातेल्यातच फुटली. नशीब, वर झाकण होतं. एरिथ्रिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते) घातलं तर यीस्ट त्याला हात लावत नाही, पण जिभेवर उगाच गार लागतं. नाशपातीवाल्यांचं बरं असतं. त्यांच्या पेरीत (नाशपातीच्या मद्यात) सॉर्बिटॉल असतं, ते यीस्टला पचत नाही, त्यामुळे थोडी गोडी आपसूक राहते.

म्हणून केग. साइडर नितळ झाली की गाळावरून काढायची, 4.5 लिटरला एक कॅम्पडेन गोळी (सल्फाइटची, जिवाणूंना आवरणारी) आणि लिटरला 0.2 ग्रॅम पोटॅशियम सॉर्बेट. सॉर्बेट यीस्टला मारत नाही, फक्त वाढू देत नाही, त्यामुळे गढूळ साइडरमध्ये घालून उपयोग नाही. आणि गोळी न घालता नुसतं सॉर्बेट घातलंत तर जिवाणू त्याची वाट लावतात, जिरेनियमच्या पानासारखा वास सुटतो, तो मग जात नाही. मी सव्वाचार लिटर साइडरला अर्धा लिटर विकतचा सफरचंदाचा रस आणि 50 ग्रॅम साखर घालतो. फ्रिजमध्ये 4 अंशांवर 0.8 बार दाब, तीन दिवस, येता-जाता हलवायचं.

इथून माझं दुखणं सुरू होतं. जाहिरातीत म्हटलंय, एका नळकांडीत एक केग. हिशोब करा. बुडबुडे चांगले यायचे तर लिटरला 5 ग्रॅम गॅस हवा. साइडरमध्ये आंबण्याचाच दीडेक ग्रॅम उरलेला असतो. बाकीचा घालायला साधारण 16 ग्रॅम लागतात, म्हणजे पहिली नळकांडी तिथेच संपली. साइडर काढत जाल तशी रिकामी जागा त्याच दाबाने भरायला आणखी तेवढाच. सरळ दोन नळकांड्या. मला मात्र पहिल्या केगला तीन लागल्या आणि एप्रिलमध्ये पाच! एक 1.80 पौंडांना. म्हणजे 9 पौंड नुसते हवेत, तेवढ्यात पबमध्ये दोन पाइंट आले असते.

कंपनीला लिहिलं. पहिलं उत्तर: नळकांडी घट्ट बसवा. दुसरं: फोटो पाठवा. तिसरं: वॉरंटी सहा महिन्यांची होती, संपली, अख्खं झाकण घ्या, 28 पौंड. मी विचारलं, आतला वायसर वेगळा मिळेल का? नाही म्हणे, तो वेगळा विकत नाही.

रविवारी आईला व्हिडिओ कॉलवर हे सगळं सांगत होतो. (तिच्या मैत्रिणींना ती ‘सफरचंदाचं सरबत’ सांगते, तिला मात्र सगळं ठाऊक आहे.) तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अरे, सिलिंडर बदलल्यावर लावतो तसा साबणाचा फेस लाव की.” इंजिनिअर मी, आणि हे मला सुचू नये! भांड्यांचा साबण पाण्यात कालवून झाकणाभोवती ब्रशने लावला. रेग्युलेटर साफ. नळ साफ. झाकणाच्या डाव्या बाजूला मात्र एक बुडबुडा मुगाएवढा झाला, मग वाटाण्याएवढा, फुटला, परत मुगाएवढा.

झाकण उघडून वायसर काढला. भिजलेल्या साबुदाण्यासारखा फुगलेला, खाचेबाहेर आलेला आणि एका जागी झाकणाने चिरलेला. इथे माझा आवाज जरा खाली आला. झाकण सहज बसावं म्हणून मी दर वेळी त्याला पेट्रोलियम जेली चोपडत होतो. ते रबर ईपीडीएम, आणि पेट्रोलियमचं काहीही लागलं की ते फुगतं. पुस्तिकेत लिहिलेलं होतं, शेवटच्या पानावर, नॉर्वेजियनच्या वर, मुंगीच्या अक्षरात. लावायचंच तर खाण्यासाठी चालणारं सिलिकॉन ग्रीस.

घरगुती मद्याच्या सामानाच्या दुकानात त्याच मापाचे पाच वायसर साडेतीन पौंडांना मिळाले. एक बसवला. बारा दिवस झाले, काटा 0.8 वरून हललेला नाही आणि या केगला बरोबर दोन नळकांड्या लागतायत.

आणि साइडर? ती खरोखरच चांगली लागते हो. गोड, बारीक बुडबुड्यांची, डॅबिनेटचा तुरटपणा शेवटपर्यंत राहतो. भरताना 0.8 वर थेट नळ उघडू नका, अर्धा ग्लास फेस येतो, दाब 0.3 वर उतरवा, ग्लास तिरका धरा. नळ धुणं कटकटीचं आहे, पण ते सगळ्याच नळांचं.

तीन तारे देतोय. चौथा माझ्या चुकीमुळे त्यांना द्यायला हवा असं बायको म्हणते. वायसर वेगळा विकायला लागू देत, मग बघू. उरलेले चार मी कुकरच्या जुन्या रिंगांच्या डब्यात टाकलेत.