ओटीपी मी कुणालाही सांगितला नव्हता

सोयाबीनच्या ई-पीक पाहणीची, म्हणजे सरकारी अ‍ॅपवरून सातबाऱ्यावर पीक नोंदवण्याची, मुदत संपत आली होती आणि माझ्या अँड्रॉइड 4.4 च्या मोबाइलवर प्ले स्टोअर ते अ‍ॅप सुसंगत नसल्याचे सांगून थांबत होते. सातबाऱ्यावर पिकाची नोंद राहिली तर पुढे काय काय अडते, हे मराठवाड्यातील शेतकऱ्याला सांगायला नको. म्हणून मी तालुक्याच्या गावी एका मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने 200 रुपये घेऊन 'जुन्या मोबाइलचे व्हर्जन' म्हणून एक एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून थेट टाकायचे अ‍ॅप, टाकली.

चुकलो ते तिथेच. इन्स्टॉल होण्यापूर्वी परवानग्यांची यादी आली आणि तिच्यात एसएमएस वाचण्याची परवानगी स्पष्ट लिहिलेली होती. ती ओळ मी वाचली. पीक पाहणीला माझे मेसेज कशाला हवेत, हे ओठांवर आले होते, पण मागे गिऱ्हाइके खोळंबली होती आणि मी गप्प राहिलो. अँड्रॉइड 6 पासून एकेक परवानगी नाकारता येते. त्याआधीच्या मोबाइलवर सगळी यादी मान्य करावी लागते, नाहीतर अ‍ॅप सोडावे लागते. असे अ‍ॅप सोडूनच द्या.

अ‍ॅपने 5 रुपये नोंदणी शुल्क मागितले, मी डेबिट कार्डाचा तपशील भरला. खऱ्या पाहणीला शुल्कच नाही, पण शासनाच्या कामात असे किरकोळ पैसे आम्ही नेहमीच भरत आलो आहोत. दुसऱ्या दिवशी मी रानात असताना खात्यात असलेल्या उडदाच्या विक्रीच्या पैशांतून आधी 24,900 आणि मग 13,550, असे 38,450 रुपये गेले.

सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या हेल्पलाइनवर त्याच संध्याकाळी तक्रार नोंदवली. तुम्ही तर पहिल्या तासातच फोन करा. बँकेत मात्र ऐकावे लागले की, ओटीपीशिवाय व्यवहार होत नाही, म्हणजे तो तुम्हीच दिला. मी तो कुणालाही सांगितलेला नाही, त्या अ‍ॅपने तो परस्पर वाचला, हे मी तीनदा समजावले. ग्राहकाची चूक सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची आहे, असे रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात सांगितले होते. ते दाखवल्यावर साहेबांनी कागद न वाचताच परत केला. पोलीस ठाण्याने जिल्ह्याच्या सायबर शाखेकडे पाठवले, शाखेने खातेउतारा मागितला, उताऱ्यावर सही करणारे अधिकारी रजेवर होते, आणि या चकरांत चार दिवस व 640 रुपये बसभाडे गेले. दुकानदाराला अजून कुणी एक प्रश्नही विचारलेला नाही.

माझी पीक पाहणी शेवटी पुतण्याच्या मोबाइलवरून झाली. एकाच मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, हे मला त्या दिवशी बांधावर उभा असताना कळले.