१९०९ वर नोंदणी की फोनमधील ब्लॉक?

परभणीच्या आमच्या घरी दुपारी आई मेथी निवडत बसलेली असताना फोन वाजतो, ती हात पुसत उठते, ‘हॅलो’ म्हणते आणि पलीकडचा माणूस काहीच न बोलता फोन ठेवतो. पुष्कळदा हे विक्रीसाठी फोन करणाऱ्यांच्या यंत्राचे काम असते. ते एकाच वेळी अनेक नंबर फिरवते, बोलायला माणूस मोजक्यांनाच मिळतो आणि बाकीचे फोन तुटतात. असे फोन टाळायचे दोन मार्ग आहेत: फोनमध्ये नंबर ब्लॉक करणे, किंवा जाहिरातीचे फोन नकोत अशी नोंदणी १९०९ या नंबरवर करणे.

नंबर ब्लॉक करणे क्षणाचे काम आहे, परंतु त्याने तेवढा एकच नंबर अडतो. अनोळखी नंबर सरसकट बंद करावेत, तर बसस्टँडवरून दुसऱ्याच्या फोनवरून बोलणारा आपलाच भाचाही अडकतो, आणि वयस्क माणसांच्या घरात हा धोका मला फार मोठा वाटतो.

१९०९ वर फोन करून होणारी नोंदणी ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०१८ च्या नियमांनुसार चालते व ती लँडलाइनलाही लागू आहे. तिने १४० ने सुरू होणारे जाहिरातीचे अधिकृत फोन थांबतात. साध्या दहा आकडी नंबरवरून विक्री करणारे मात्र ती जुमानत नाहीत, म्हणून त्यांचा नंबर, तारीख आणि बोलण्याचा विषय फोनशेजारच्या वहीत टिपून सात दिवसांच्या आत १९०९ वरच तक्रार करावी. ब्लॉकमध्ये तक्रारीची ही सोय नाही, त्यामुळे मी आधी नोंदणीच करायला सांगेन आणि पुन्हा पुन्हा छळणाऱ्या नंबरापुरताच ब्लॉक वापरेन.