आंब्याखालची गाडी आणि कापडी कव्हर : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दसऱ्याच्या आठवड्यात मी आमच्या हॅचबॅक गाडीसाठी राखाडी रंगाचे पॉलिएस्टरचे कव्हर घेतले. पाणी आत येऊ नये म्हणून आतल्या बाजूने पीयूचा (पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा) पातळ थर, खालच्या कडेला इलॅस्टिक, आरशांसाठी दोन खिसे आणि गाडीच्या पोटाखालून बांधायचा एक पट्टा, असे त्याचे साधे स्वरूप आहे. आमचे घर रत्नागिरीजवळ असून गाडी खळ्याच्या कडेला हापूसच्या झाडाखाली, उघड्यावरच उभी असते. जांभ्याची तांबडी धूळ, आंब्याचा चिकटा, खारी हवा आणि पाऊस हे सारे या कव्हराने सोसले. ते धुवायचे कसे, वाळवायचे कसे हे दुकानात कोणी सांगितले नव्हते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

पहिली चूक कव्हर काढताना होत होती. मी ते ओढून काढून खळ्यात टाकत असे. त्यामुळे आतल्या बाजूला जांभ्याचे बारीक कण चिकटत आणि कव्हर पुन्हा घातले की वाऱ्याने हलून तेच कण रंगावर घासले जात. डिसेंबरात बॉनेटवर तिरके ऊन पडले तेव्हा कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसले आणि फार वाईट वाटले. तेव्हापासून आधी दोन्ही बाजू उचलून टपावर आणतो आणि मग पुढून मागे गुंडाळी करत जातो; आतली बाजू जमिनीला लागू देत नाही. धुळकट गाडीवरही कव्हर घालत नाही.

जानेवारीत मोहोर आला आणि त्यावर तुडतुडे आले. एका सकाळी कव्हराच्या टपावर मुंग्यांची रांग दिसली. हात लावला तर बोटे चिकटली. तुडतुड्यांच्या अंगातून पाझरणारा हा चिकटा पाकासारखा गोड असतो आणि तो तसाच राहिला तर त्यावर काळी बुरशी धरते. मी आधी कोरड्या फडक्याने घासले, तर डाग आणखी पसरला. शेजारच्या काकांनी रॉकेल लावायला सांगितले. सुदैवाने मी ते कव्हराबरोबर आलेल्या, त्याच कापडाच्या पिशवीच्या कोपऱ्यावर करून पाहिले आणि तेथे आतला थर सुरकुतून चिकट झाला. साखर पाण्यात विरघळते ही साधी गोष्ट त्यानंतर लक्षात आली. कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रवसाबणाचे थोडे थेंब टाकून तो भाग वीस मिनिटे भिजवला आणि मऊ ब्रशने हलक्या हाताने पुसला, तेव्हा सगळा चिकटा निघाला. जेथे काळी बुरशी आधीच धरली होती, तेथे फिकट डाग अजून आहेत. मोहोराच्या दिवसांत म्हणूनच दर तीन-चार दिवसांनी ओले फडके फिरवावे. पक्ष्यांच्या विष्ठेलाही हाच उपाय चालतो, मात्र ती आधी भिजवावी, खरवडू नये.

पूर्ण धुलाई मी दोन महिन्यांतून एकदा करतो. वॉशिंग मशीन मी कटाक्षाने टाळले, कारण असे कापड पाणी धरून ठेवते, फिरताना सगळा भार एका बाजूला जातो आणि शिवणींवर ताण येतो. गरम पाणी, ब्लीच आणि कपडे मऊ करणारे द्रव हेही वर्ज्य समजावेत. खळ्यात ताडपत्री अंथरून त्यावर कव्हर पसरतो, आधी आतली बाजू धुतो, मग बाहेरची, आणि फेस पूर्ण जाईपर्यंत साध्या पाण्याने खळबळतो, कारण साबण कापडात राहिला की पाणी ओघळून जायचे थांबते. पिळत नाही, दोन बांबूंवर आडवे टाकून सावलीत वाळवतो. वरून कोरडे लागले तरी शिवणी चिमटीत धरून पाहाव्यात, ओल तेथेच राहते.

पावसाळ्यात मात्र माझा अंदाज चुकला. जूनमध्ये कव्हर गाडीवरच ठेवले आणि दोन आठवड्यांत आतून कुबट वास येऊ लागला, काळे ठिपकेही दिसले. एक भाग व्हिनेगर आणि चार भाग पाणी लावून वास गेला, ठिपके गेले नाहीत. आमच्याकडच्या सततच्या पावसात कव्हराखाली अडकलेली ओल गाडीच्या रंगालाही मानवत नाही, हे मी आता ठामपणे सांगेन. जुलैपासून ते पूर्ण वाळवून, जुन्या सुती लुगड्यात सैल गुंडाळून माळ्यावर ठेवले. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवले असते तर दमटपणाने आतला थर लवकर गेला असता.

गणपती झाल्यावर कव्हर खाली काढून तांब्याभर पाणी ओतून पाहिले. बाजूंवरून थेंब ओघळले, टपावर मात्र पाणी झिरपले. मे महिन्याच्या उन्हाने टपाच्या शिवणीजवळचा पीयूचा थर पापुद्र्यासारखा सुटू लागला आहे. पट्ट्याची लोखंडी बक्कल खाऱ्या हवेत गंजून कापडावर तांबूस डाग पडला, म्हणून तेथे प्लास्टिकची बसवली. धूळ, चिकटा आणि ऊन यांसाठी हे कव्हर अजून एक मोसम नक्की देईल, पावसासाठी मी ते पुन्हा वापरणार नाही. पुढच्या वेळी कापड हवा खेळती ठेवणारे घेईन, आणि पावसासाठी पत्र्याची शेड घालण्याचे घरात ठरले आहे.