चार गॅसचा पंपवाला डिटेक्टर: मशीन भारी, पण त्याचा झिरो वाचता आला पाहिजे

टँक साफसफाई, हॉट वर्कचं (वेल्डिंगसारख्या ठिणग्या उडणाऱ्या कामाचं) परमिट, रिअ‍ॅक्टरमध्ये माणूस उतरवणं असल्या कामांसाठी आमच्या सॉल्व्हंट प्लांटला हा पोर्टेबल डिटेक्टर घेतला, ऑक्सिजन, एलईएल (हवेत कमीत कमी किती गॅस जमला की पेट घेतो ती पातळी; सेन्सर तिच्या किती टक्के गॅस आहे ते दाखवतो), कार्बन मोनॉक्साइड (सीओ) आणि एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड, विषारी गॅस) असे चार सेन्सर, आतच पंप असलेलं मॉडेल. आता बऱ्यापैकी वापरून झालाय म्हणून लिहितोय. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढचं बरंचसं या प्रकारच्या जवळपास सगळ्याच मशीनना लागू पडतं.

आधी चांगलं सांगतो. हातमोजे घालून बटण दाबता येतं, स्क्रीन अंधारात नीट दिसते, अलार्मला आवाज, लाल लाइट आणि व्हायब्रेशन तिन्ही एकदम सुरू होतं त्यामुळे बाजूला ब्लोअर धडधडत असला तरी छातीवर लावलेलं मशीन थरथरलेलं कळतंच. नळीत पाणी गेलं किंवा टोक गाळात रुतलं की पंप लगेच बोंबलतो. आमच्या मशीनला ऑक्सिजनचे अलार्म १९.५ आणि २३.५ टक्क्यांना आहेत, एलईएलचा पहिला अलार्म १० टक्क्यांवर, एचटूएसचा १० पीपीएमला (पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती भाग). एचटूएसच्या बाबतीत नाकावर भरवसा ठेवणारी मंडळी अजून आहेत, म्हणे सडक्या अंड्याचा वास येतो की! अहो १०० पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं, वास गेला म्हणजे गॅस गेला असं वाटतं आणि तिथेच माणूस आडवा होतो. नुसत्या या एका सेन्सरसाठीसुद्धा मशीन घ्यावं.

आता एलईएल. सगळी गोम इथे आहे आणि डेमोला आलेला माणूस यावर एक अक्षर बोलला नाही. उलट त्याने खिशातून लायटर काढून सेन्सरवर गॅस सोडला, "बघा साहेब, कसं ओरडतंय!" एक तर प्लांटच्या आवारात लायटर, त्यात अशा जोरदार झोताने सेन्सर खराबही होऊ शकतो. असो.

यातला एलईएल सेन्सर पेलिस्टर प्रकारचा, म्हणजे आत आलेला गॅस तो बारीकशा तापलेल्या मण्यावर जाळतो आणि मणी किती तापला त्यावरून आकडा दाखवतो. जाळायला ऑक्सिजन लागतोच ना? आणि आपण तर टँक उघडायच्या आधी नायट्रोजनने पर्ज करतो, म्हणजे नायट्रोजन सोडून आतली हवा-वाफ बाहेर ढकलतो. एकदा असाच पर्ज केलेला टँक, मॅनहोलमधून नळी सोडली, स्क्रीनवर एलईएल झिरो, हेल्पर म्हणाला चला झिरो आलंय. शेजारच्याच चौकोनात ऑक्सिजन ३ टक्के दाखवत होतं! तो झिरो म्हणजे गॅस नाही असा नव्हताच, जाळायला हवाच नव्हती म्हणून आलेला झिरो होता, आणि ३ टक्क्यांत उतरलेला माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो ते वेगळंच. म्हणून आमच्याकडे आता परमिटवर ऑक्सिजनचा आकडा आधी लिहायचा, तो २०.९ च्या जवळ नसेल तर एलईएलचा रकाना भरायचाच नाही. इन्फ्रारेड सेन्सरवालं मॉडेल मिळतं, त्याला ऑक्सिजन लागत नाही, पण त्याला हायड्रोजन दिसत नाही, तेव्हा हायड्रोजनेशनवाल्यांनी त्याच्या मागे जाऊ नये.

दुसरी गोष्ट, मशीन मिथेनवर कॅलिब्रेट होऊन येतं, म्हणजे त्याचा आकडा मिथेनशी जुळवलेला असतो. मिथेनचा एलईएल हवेत ५ टक्के, म्हणजे स्क्रीनवर १० आलं तर हवेत अर्धा टक्का मिथेन, इथवर हिशेब सरळ. पण आपल्या ड्रममध्ये टोल्युइन हे सॉल्व्हंट आहे आणि तेच मशीन टोल्युइनला निम्मं किंवा त्याहून कमी दाखवतं. मॅन्युअलच्या मागच्या पानांवर करेक्शन फॅक्टरचं (कुठल्या गॅसला आकडा कितीने गुणायचा त्याचं) टेबल आहे, ते झेरॉक्स करून लॅमिनेट करा आणि मशीनच्या पेटीत टाका, नाहीतर ते टेबल कुणी उघडत नाही. आणि समजा आकडा बरोबर केला तरी टोल्युइनचा एलईएल १.१ टक्के म्हणजे ११,००० पीपीएम, त्याचे १० टक्के झाले ११०० पीपीएम, आणि जिवाला तातडीचा धोका मानतात ती पातळी आहे ५०० पीपीएम. म्हणजे स्फोटाचा अलार्म वाजायच्या कितीतरी आधी आतल्या माणसाचं डोकं गरगरायला लागलेलं असतं. सॉल्व्हंटवाल्यांनी सोबत पीआयडी (सॉल्व्हंटची थोडीशी वाफही पीपीएममध्ये मोजणारा डिटेक्टर) घ्यायलाच पाहिजे, या चार सेन्सरवर भागत नाही. सेल्सवाले हे स्वतःहून सांगणार नाहीत.

टोल्युइनची वाफ हवेच्या तिप्पट जड, तळाशी बसते. त्यामुळे मॅनहोलच्या तोंडाशी नळी धरून सही करणाऱ्याला काहीच कळत नाही, वर, मध्ये, खाली तिन्ही ठिकाणी घ्या आणि लांब नळी असेल तर हवा मशीनपर्यंत पोचेस्तोवर थांबा.

बंप टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधला ठरावीक गॅस सोडून सेन्सर दाद देतो का ते बघणं, रोज. याला पर्याय नाही, कारण सिलिकॉन स्प्रेच्या वाफेनं पेलिस्टर मरतो आणि मेलेला सेन्सर मस्त झिरो दाखवत बसतो, ना एरर ना काही. बंपचा सिलिंडर मिथेन मिक्सचाच ठेवा, विषबाधेत सेन्सरची मिथेनची नजर सगळ्यात आधी जाते त्यामुळे लवकर पकडलं जातं. मेंटेनन्सवाल्यांना सिलिकॉन स्प्रे मशीनच्या कपाटाजवळ आणू देऊ नका.

किरकोळ तक्रारी: क्लिप नाजूक आहे, चार्जिंगची पिन घाणीनं भरते (चार्जिंग सेफ एरियातच करायचं हे वेगळं सांगायला नको), आणि हॅन्ड सॅनिटायझरच्या वाफेनं सीओचा आकडा उगाच वर जातो. धूळ याला दिसत नाही, साखर, पीठ, अ‍ॅल्युमिनियम पावडरवाल्यांनी हे घेऊन निर्धास्त होऊ नये, २००८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जियात साखर कारखान्यात धुळीच्या स्फोटात १४ माणसं गेली होती.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक कापला तो मॅन्युअलसाठी, करेक्शन फॅक्टर शेवटच्या पानांवर बारीक अक्षरात छापलाय आणि पहिली सहा पानं नुसती ब्लूटूथ कसं जोडायचं यावर. घ्यायच्या आधी सेन्सर बदलायचा खर्च आणि तो यायला किती आठवडे लागतात ते लेखी घ्या, ऑक्सिजनचा सेन्सर साधारण दोन वर्षांनी बदलावा लागतो आणि तेवढे आठवडे मशीन कपाटात पडून राहतं.