जॅक्सनची सही म्हणून विकलेली सनद: माझे २,६३५ डॉलर ५० सेंट गेले, तुमचे जाऊ देऊ नका

आकडे आधी सांगते. ऑनलाइन लिलावात सनदेवर, म्हणजे सरकारने जमिनीची मालकी दिल्याच्या कागदावर, माझी बोली १,४५० डॉलर. त्यावर खरेदीदाराकडून घेतलं जाणारं २५ टक्के कमिशन, म्हणजे ३६२ डॉलर ५० सेंट. पाठवणी आणि विमा ४८ डॉलर. एकूण १,८६० डॉलर ५० सेंट. त्याच विक्रेत्याने त्याच बाडातलं म्हणून विकलेलं एक पत्र ६२० डॉलर, अधिक कमिशन १५५. दोन्ही मिळून २,६३५ डॉलर ५० सेंट. बदल्यात हाती आली १८३४ सालची एक सनद, जिला बाजारात शंभर-सव्वाशे डॉलरच्या वर कुणी विचारत नाही, आणि एक पत्र, जे सरळसरळ बनावट आहे.

विक्रेत्याचं नाव लिहीत नाही, तक्रार अजून निकालात निघालेली नाही. पण पद्धत लिहिते. अमेरिकेत राहणारी, जुन्या कागदांची आवड असलेली बरीच मराठी मंडळी अशा ऑनलाइन लिलावांत भाग घेतात, आणि ही पद्धत वापरणारा तो एकटा नाही.

वर्णन असं होतं: एका कुटुंबाचं बाड, त्यात जमिनीचे कागद, घरची पत्रं आणि सरकारी पत्रव्यवहार, मुख्य आकर्षण ‘राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या सहीची’ सनद. अमेरिकेच्या पहिल्या पन्नास वर्षांत ओहायो, इंडियाना, इलिनॉय भागात सरकारकडून जमीन घेणाऱ्या घरांत असे कागद साठतच. १८०० च्या कायद्याने एकरी किमान दोन डॉलर भाव होता, चौथा हिस्सा आधी भरायचा आणि उरलेलं चार वर्षांत. हप्ते थकायचे, भाऊ भावाला पैसे मागायचा, जमीन कार्यालयाला विनंत्या जायच्या. १८२० साली उधारी बंद झाली, भाव सव्वा डॉलरवर आला आणि ८० एकरांचा तुकडाही घेता येऊ लागला. म्हणजे शंभर डॉलर रोख भरले की ८० एकर. पूर्ण पैसे भरल्यावर वॉशिंग्टनहून चर्मपत्रावरची सनद यायची, तीही बऱ्याच महिन्यांनी, कधी वर्षांनी. या सनदा हजारोंनी निघाल्या. त्यामुळे सनद खरी असणं यात काही विशेष नाही. किंमत ठरते ती सही कुणाची यावर, आणि फसवणूक होते तीही तिथेच.

सुरुवातीला सनदेवर राष्ट्राध्यक्ष स्वतः सही करत आणि खाली परराष्ट्रमंत्री. म्हणून जेफरसन राष्ट्राध्यक्ष आणि मॅडिसन परराष्ट्रमंत्री असतानाच्या सनदांना इतका भाव येतो. एकाच कागदावर दोघांच्या सह्या मिळतात. १८१२ साली जनरल लँड ऑफिस, म्हणजे सरकारी जमिनींचं केंद्रीय कार्यालय, निघालं, तेव्हापासून परराष्ट्रमंत्र्याच्या जागी त्या कार्यालयाच्या आयुक्ताची सही येऊ लागली. जमिनीची विक्री इतकी वाढली की सहीसाठी सनदांचे ढीग साचले. शेवटी २ मार्च १८३३ रोजी कायदा झाला आणि राष्ट्राध्यक्षाच्या वतीने सह्या करायला एक सेक्रेटरी नेमायची मुभा मिळाली. जॅक्सनसाठी हे काम त्यांच्या पत्नीचा भाचा अँड्र्यू जॅक्सन डोनल्सन करायचा. तो आधी ‘अँड्र्यू जॅक्सन’ असं पूर्ण नाव लिहायचा आणि त्याच्या खाली ‘तर्फे ए. जे. डोनल्सन, सेक्रेटरी’. दोन्ही ओळी एकाच हातच्या. १८३३ च्या मार्चनंतरच्या नेहमीच्या छापील सनदेवर राष्ट्राध्यक्षाचं नाव दिसलं तर ती त्याची सही नाही, एवढंच लक्षात ठेवलंत तरी तुमचे पैसे वाचतील. व्हॅन ब्युरेनच्या सनदांत तर अधिकच सांभाळा. तिथे सेक्रेटरी म्हणून त्यांच्या मुलाचीच सही येते, नाव तेच मार्टिन व्हॅन ब्युरेन, पुढे फक्त ‘ज्युनियर’. फोटोत तेवढा शब्द दिसेनासा करायला काय लागतं!

आता माझ्या सनदेचं. ती फ्रेममध्ये होती, भोवती जाड पांढरा माउंट, म्हणजे काचेखालची पुठ्ठ्याची चौकट. माउंटची खालची कड ‘अँड्र्यू जॅक्सन’ या नावाच्या अगदी खालून कापलेली. डोनल्सनची ओळ माउंटच्या आत. आयुक्ताची सही आत. कोणत्या खंडात, कोणत्या पानावर नोंद झाली ती ओळही आत. विक्रेत्याला लिहिलं की फ्रेम काढून फोटो पाठवा. उत्तर आलं, फ्रेम उघडली तर शिक्क्याचा कागद सुटेल, दोनशे वर्षांचा ऐवज आहे, जोखीम नको. हे उत्तर पटण्यासारखंच आहे! तो उठावाचा कागदी शिक्का खरोखरच नाजूक असतो, लाख वाळलेली असते, कडा उचललेल्या असतात. जाणकार माणसानेही हेच सांगितलं असतं. पण फोटोत तो शिक्का अर्धाच दिसत होता. सनदेवर शिक्का खाली डावीकडे असतो, साधारण सह्यांच्याच पातळीला. सही नेमकी तेवढीच दाखवायची तर माउंट शिक्क्यावरूनच कापावा लागतो. शिक्का जपायचा म्हणून फ्रेम न उघडणारा माणूस त्याच शिक्क्यावर माउंटची कड दाबून बसवतो? हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. अर्धा शिक्का सगळ्या फोटोंमध्ये, मोठा करून पाहिला तरी, समोर होता. या एका गोष्टीने मला आजही झोप लागत नाही.

आणि तरीही सांगते, कुणीही फसलं असतं. सोबत सत्यतेचं प्रमाणपत्र होतं, त्यावर क्रमांक, होलोग्राम, तज्ज्ञाची सही. प्रमाणपत्रातली भाषा नंतर नीट वाचली: ‘सनद अस्सल आहे’. सनद अस्सल आहेच. सहीबद्दल त्यात एक अक्षर नाही. प्रमाणपत्र देणारी संस्था आणि विक्रेता यांचा पत्ता एकच निघाला, हे कळायला पैसे जावे लागले. त्यावर कडी म्हणजे सरकारी नोंदीचा पुरावा. अमेरिकन सरकारच्या भूमी व्यवस्थापन विभागाने जमिनीच्या मालकीच्या पन्नास लाखांहून अधिक नोंदी ऑनलाइन ठेवल्या आहेत, पाहायला पैसे लागत नाहीत. विक्रेत्याने तिथल्या नोंदीची प्रत पाठवली: नाव, तारीख, कार्यालय, सेक्शन, टाउनशिप, रेंज (सरकारी मोजणीत जमीन नेमकी कुठे ते सांगणारे आकडे), ८० एकर, सगळं तंतोतंत. जुळणारच, कागद खरा आहे! त्याने पाठवलं ते नोंदीचं वर्णनाचं पान. नोंदवहीतल्या पानाची प्रतिमा शेजारच्याच दुव्यावर असते, आणि तिच्यात ‘तर्फे ए. जे. डोनल्सन’ ही ओळ स्वच्छ वाचता येते. ती त्याने पाठवली नाही. हे अनवधानाने झालं असं मला कुणी सांगू नये.

त्या प्रतिमेबाबतही एक खबरदारी. ती मूळ सनदेची नसून कार्यालयाने स्वतःकडे ठेवलेल्या नोंदवहीची असते. कारकुनाने नक्कल केलेली. १८३३ आधीच्या नोंदीतलं राष्ट्राध्यक्षाचं नावही कारकुनाच्याच हातचं. तिच्याशी अक्षर जुळवून ‘सही खरी’ किंवा ‘खोटी’ ठरवणारा विक्रेता भेटला तर तिथेच थांबा.

पत्राची गोष्ट वेगळी, तिथे कागदच खोटा. १८०९ सालचं, एका भावाने दुसऱ्याला जमिनीच्या हप्त्याबद्दल लिहिलेलं, असं सांगितलं होतं. लिलावात फक्त आतल्या मजकुराचे फोटो होते. त्या काळी पाकीट वापरत नसत, कारण टपालखर्च कागदांच्या संख्येवर लागायचा आणि पाकीट म्हणजे आणखी एक कागद. पत्राचाच ताव घडी घालून, लाखेने बंद करून, बाहेरच्या बाजूला पत्ता आणि कोपऱ्यात टपालखर्च शाईने लिहायचे. तिकिटं १८४७ साली आली. पत्र घरी आल्यावर बाहेरची बाजू पाहिली. कोपऱ्यात १८¾ सेंट.

१८०९ साली असा दर अस्तित्वातच नव्हता. १७९९ च्या कायद्याने एका तावाचे दर अंतराप्रमाणे ८, १०, १२½, १७, २० आणि २५ सेंट होते. ५०० मैलांपुढे २५. दोन ताव असले तर दुप्पट, तीन असले तर तिप्पट. कुठल्याही पटीत १८¾ येत नाही. १८१६ साली १८½ आला आणि १८२५ साली तो १८¾ झाला, कारण व्यवहारात अजून स्पॅनिश नाणी चालत. साडेबारा सेंटचा एक रिआल, तर १८¾ म्हणजे बरोबर दीड. बनावट करणाऱ्याने १८२५ नंतरचं एखादं खरं पत्र समोर ठेवून आकडा उतरवला असणार. बाहेरच्या बाजूचा फोटो न देण्याचं कारण तेच. कुटुंबाचं पत्र घेताना बाहेरची बाजू आधी मागा, आतली नंतर.

तक्रारींचं काय झालं ते ऐका. लिलावाचं संकेतस्थळ म्हणालं, वाद विक्रेत्याशी मिटवा, आम्ही फक्त जागा देतो. जागा देणाऱ्याने माझ्या ५१७ डॉलर ५० सेंट कमिशनातला हिस्सा मात्र घेतला. कार्ड कंपनीने आधी पैसे तात्पुरते जमा केले आणि विक्रेत्याचं उत्तर येताच काढून घेतले: वस्तू फोटोप्रमाणेच पोचली आहे. फोटोप्रमाणे पोचली हे खरंच आहे, फसवणूकच फोटोत होती! तसं लेखी कळवलं, पोस्टाच्या दरांचा तक्ता जोडला, १८३३ च्या कायद्याचा मजकूर जोडला. उत्तरात आधीचंच पत्र नव्या तारखेने आलं. पोलिसांनी ही दिवाणी बाब आहे म्हणून सांगितलं. मी विचारलं, पत्र बनावट आहे, बनावट वस्तू विकणं दिवाणी कसं? तर म्हणे, बनावट आहे हे सिद्ध करणारा तज्ज्ञाचा अहवाल आणा. तज्ज्ञाने शुल्क सांगितलं ३५० डॉलर. म्हणजे पत्रापायी ७७५ गेलेल्या माणसाने आणखी ३५० घालायचे, तेव्हा कुठे हवालदार कागद उघडणार. राज्याच्या ग्राहक विभागाने तक्रार क्रमांक दिला आणि विक्रेता दुसऱ्या राज्यातला असल्याने तिकडे लिहा म्हणून कळवलं. तिकडच्यांनी खरेदीदार आमच्या राज्यातला नाही म्हणून परत पाठवलं. दोन्ही पत्रांच्या शेवटी ‘आपल्या सहकार्याबद्दल आभार’. बोगस औषध, बोगस घड्याळ यासाठी यांच्याकडे रकाने आहेत. बोगस ऐतिहासिक कागदासाठी नाही, आणि विक्रेत्यांना हे पक्कं ठाऊक आहे. आपल्याकडे मोडीतली बनावट सनद कोर्टात आली तर अक्षर तपासणारा जाणकार मिळतो. इथे तक्रार ऐकून घेणाऱ्याला जॅक्सनचा सेक्रेटरी कोण होता हे शिकवण्यातच वेळ जातो.

फ्रेममधला कागद फ्रेममध्ये विकत घेऊ नका, मग कारण काहीही असो.

सनदेवर सही करणारा लँड ऑफिसचा आयुक्त तारखेशी जुळवा: जोसाया मिग्ज १८१४ ते १८२२, जॉर्ज ग्रॅहम १८२३ ते १८३०, एलायजा हेवर्ड १८३० ते १८३५. १८३६ च्या कायद्यानंतर आयुक्ताच्या जागी रेकॉर्डरची, म्हणजे त्याच कार्यालयातल्या नोंदी ठेवणाऱ्या अधिकाऱ्याची, सही दिसते. जमिनीचं वर्णनही वाचा. टाउनशिप म्हणजे मोजणीचा मोठा चौकोन, त्यात सेक्शन ३६ च असतात, प्रत्येकी ६४० एकर. पाव सेक्शन १६०, त्याचा अर्धा ८०. सोळावा सेक्शन शाळांसाठी राखलेला असायचा. तो खासगी माणसाला थेट सरकारने विकल्याची सनद दिसली तर आधी शंका घ्या.

अतिनील टॉर्च पंधरा-वीस डॉलरला मिळतो. अंधारात कागदावर धरा. विसाव्या शतकाच्या मध्यानंतरच्या कागदात चकाकी आणणारं रसायन असतं, तो निळसर पांढरा पेटल्यासारखा दिसतो. जुना चिंध्यांचा कागद तसा दिसत नाही. लोहयुक्त शाई गडद काळी राहते. पण यावर सगळी भिस्त ठेवू नका. सराईत लोक जुन्या पुस्तकांची कोरी पानं फाडून वापरतात. एकोणिसाव्या शतकात फिलाडेल्फियात रॉबर्ट स्प्रिंगने वॉशिंग्टनच्या नावाचे कागद याच रीतीने खपवले. शाई कुठे पसरली आहे ते भिंगातून पाहा. घडीवर आधीच झिजलेल्या तंतूंमध्ये शाई झिरपलेली दिसली तर मजकूर घडीनंतर लिहिला आहे, म्हणजे कागद जुना आणि लिखाण नवं. भिंगात ठिपक्यांची जाळी दिसली तर छपाई आहे, वाद संपला.

सरकारला लिहिलेलं पत्र असेल तर आणखी एक धोका असतो. मालकाला दिलेली सनद ही त्याच्या घरची मालमत्ता, ती विकता येते. पण युद्धमंत्र्याला किंवा जमीन कार्यालयाला पोचलेलं पत्र, मागे कार्यालयाची आवक नोंद असलेलं, हे सरकारी दफ्तर ठरू शकतं, आणि राष्ट्रीय अभिलेखागार असे कागद परत मागतं; चोरीला गेलेल्या कागदांची यादी ते जाहीर ठेवतं, ती आधी पाहा. खरेदीदाराने पैसे मोजलेत म्हणून दावा सुटत नाही. आणि १८०० च्या आधी सैनिकाच्या घरच्यांनी लढाईतल्या सेवेबद्दल मिळणाऱ्या शंभर एकरांच्या हक्कासाठी युद्ध खात्याला लिहिलेलं मूळ पत्र म्हणून कुणी दाखवलं, तर ते इतकी वर्षं कुठे होतं ते लेखी विचारा. ८ नोव्हेंबर १८०० च्या आगीत त्या खात्याचं दफ्तर जळालं. माझ्या विक्रेत्याच्या यादीत असं एक पत्र आजही ९८० डॉलरला लावलेलं आहे.