आनंदमेळ्यासाठी भाड्याने आणलेले पाळणे: बडोद्याचा अनुभव

संक्रांतीनंतरच्या रविवारी आमच्या महिला मंडळाचं हळदीकुंकू असतं आणि त्याला जोडूनच मांजलपूरला सोसायटीच्या प्लॉटवर आनंदमेळा. बायका वाण लुटतात, लहानग्यांचं बोरन्हाण होतं, थालीपीठ नि साबुदाणावड्याचे स्टॉल लागतात आणि मुलांसाठी पाळणे येतात. पाळणे ठरवायचं काम माझ्याकडे आहे. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, मी क्वालिटी विभागात नोकरी केली, त्यामुळे वेल्डिंग आणि बोल्ट कसे बघायचे ते मला कळतं.

यंदा आजवा रोडकडे गोदाम असलेल्या एका भाईंकडून चार गोष्टी आणल्या: हवेचं जंपिंग (हवा भरलेला मोठा फुगा, मुलं आत उड्या मारतात), हाताने फिरवायची घोड्यांची चकरी, जाळीवाला ट्रॅम्पोलीन आणि रुळांवरची छोटी ट्रेन. ट्रेन सोडून बाकी तिन्हींसाठी मी कुणालाही हेच भाई सुचवेन. सांगण्यासारखं मात्र जंपिंगबद्दलच जास्त आहे.

त्याआधी एक सांगते. बडोद्यात मुलांच्या करमणुकीची कुठलीही वस्तू भाड्याने घेताना १८ जानेवारी २०२४ विसरता येत नाही. हरणी तळ्यात शाळेच्या सहलीची बोट उलटली आणि १२ मुलं नि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती, सगळ्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हती. पुढे त्याच वर्षी २५ मेला राजकोटच्या गेम झोनला आग लागून २७ जणांचा जीव गेला. त्यानंतर गुजरातेत राइड्सचे नियम कडक झाले आणि मेळेवाल्यांनी बरीच कुरकूर केली. मला ते नियम हवेच आहेत. आमचा मेळाही नेमका १८ जानेवारीच्या आसपास येतो, आणि जंपिंगवर उड्या मारणारी मुलं हरणीला गेलेल्या मुलांच्याच वयाची असतात.

भाईंना फोन केला तर दर सांगण्याआधी त्यांनीच मला विचारायला सुरुवात केली. जमीन मातीची की पेव्हर ब्लॉकची? वरून विजेची तार जाते का? झाडं किती लांब? मुलं कुठल्या वयाची? मी आकाशपाळणा मिळेल का असं विचारलं, तर सरळ नाही म्हणाले. आमचा प्लॉट भरावाचा आहे, पावसाळ्यानंतर एका कोपऱ्यात अजूनही दबतो, तिथे उंच पाळणा उभा करणार नाही, असं त्यांचं म्हणणं. शिवाय त्याची तपासणी नि परवानगी एका संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी वेळेत होणारही नाही. मोठं भाडं सोडून देणारा माणूस मला तिथेच पटला. ट्रेन विजेवर चालते म्हणून तिच्या फिटनेसचा कागद आणि विम्याची प्रत त्यांनी आधीच पाठवली. ती मी पोलिस स्टेशनच्या अर्जाला जोडली.

मग त्यांनी विचारलं, "बेन, टिकिट पर के भाडा पर?" हा प्रश्न मंडळांनी नीट समजून घ्यायला हवा. तिकिटावर म्हणजे मंडळाने एक रुपया द्यायचा नाही. राइडवाला मुलांकडून तिकिटाचे पैसे घेणार, वर मंडळालाही थोडा वाटा देणार. खजिनदारांना हे फार गोड वाटतं. मागच्या एका वर्षी दुसऱ्या कुणाकडून आम्ही तसंच घेतलं होतं, आणि त्या माणसाने जंपिंगवर मोठी नि लहान मुलं एकत्र कोंबली, कारण प्रत्येक मूल म्हणजे त्याची कमाई होती. भाड्यावर घेतलं की त्याचे पैसे ठरलेले असतात. आत सहा मुलं असोत की सोळा, त्याला फरक पडत नाही, म्हणून तो सहावर थांबवू शकतो. यंदा मी बैठकीत भाड्यासाठी भांडले, आणि करारात एक ओळ माझ्या हाताने घातली: वाऱ्यामुळे राइड बंद करावी लागली तर भाडं कापणार नाही.

सामान सकाळीच आलं. उत्तरायण, म्हणजे इथला पतंगांचा सण, होऊन गेलेली, त्यामुळे प्लॉटभर मांजा. भाईंच्या पोरांनी पहिलं काम केलं ते बांबूला काटा बांधून झाडांवरचे नि जमिनीवरचे दोरे गोळा करण्याचं. काच लावलेली दोरी ट्रॅम्पोलीनवर उडणाऱ्या मुलाच्या गळ्याच्या उंचीवर लटकत असेल तर काय होईल, हे बडोद्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. तरीही आमच्यातल्या कुणाला ते सुचलं नव्हतं. दोन गोण्या मांजा निघाला.

चकरीखाली त्यांनी लाकडी फळ्या घातल्या, पाणसळ लावून पातळी बघितली आणि ती रिकामीच बराच वेळ फिरवली. मी घोड्यांचे बोल्ट बघितले, प्रत्येक ठिकाणी स्प्लिट पिन (नट निसटू न देणारी) होती नि तिची टोकं वाकवलेली होती. कुठे तार गुंडाळून भागवलेलं दिसलं नाही. बसल्यावर पुढे अडकवायची साखळी एका घोड्याची सैल होती. मी दाखवल्यावर तो घोडा त्यांनी दिवसभर बंदच ठेवला. हाताची चकरी मुलांना कंटाळवाणी वाटेल असं काही आयांना वाटत होतं. पण तिच्यापुढे रांग शेवटपर्यंत हटली नाही, आणि फिरवणाऱ्या काकांना रडणारं मूल दिसलं की चकरी दोन पावलांत थांबत होती.

आता जंपिंग. हा हवेचा फुगा एकदा भरून तोंड बंद करून ठेवलेला नसतो. शिलाईतून हवा सतत निघत राहते, म्हणून ब्लोअर सतत चालू लागतो. वीज गेली की भिंती हळूहळू आत झुकतात. त्यामुळे दाराशी माणूस हवाच, आणि त्याचं लक्ष मुलांवर हवं. पण त्याहून मोठा धोका वाऱ्याचा. एवढं मोठं कापड वाऱ्याला शीड होऊन मिळतं. ऑस्ट्रेलियात टास्मानियातल्या डेव्हनपोर्टला डिसेंबर २०२१ मध्ये शाळेतलं जंपिंग वाऱ्याने उचललं गेलं आणि सहा मुलं दगावली. युरोपच्या ईएन १४९६० या मानकात मर्यादा ताशी ३८ किलोमीटर वाऱ्याची आहे. त्यापुढे ते वापरायचंच नाही. आणि आपल्याकडे आपण ते कधी लावतो? पतंगाच्या दिवसांत, जेव्हा अख्खं शहर वाऱ्याचीच वाट बघत असतं.

भाईंच्या पोरांनी ते मातीच्या बाजूला लावलं आणि चारी कोपऱ्यांना नि मध्येही लांब लोखंडी खुंट्या तिरक्या ठोकल्या. पेव्हरवर लावा, तिथे स्वच्छ राहील, असं आमच्या अध्यक्षीणबाई म्हणत होत्या. पेव्हरवर खुंटी बसत नाही, वजन बांधावं लागतं, आणि ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ते वजन एकेका दोरीला १६३ किलो लागतं. रेतीच्या एक-दोन गोण्या बांधलेली जंपिंग मी लग्नांत पाहिली आहेत. तुम्हाला तशी दिसली तर मूल आत सोडू नका.

दाराशी जो मुलगा होता, विशीचाही नसेल, त्याचं काम मला फार आवडलं. बोरन्हाण आटोपून काळं झबलं नि हलव्याचे दागिने घातलेली मुलं थेट जंपिंगकडे धावत होती. त्याने प्रत्येकाला अडवलं. "बेन, आ बधु उतारी दो." मुकुट, हार, बाजूबंद, सगळं टाचण्या नि सेफ्टी पिनांनी लावलेलं! आया चिडल्या, फोटो काढायचे राहिलेत म्हणाल्या. तो हलला नाही. मोठ्या मुलांची पाळी वेगळी, छोट्यांची वेगळी, आणि आतली मुलं तो मोठ्याने मोजत होता.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला, ऐन गर्दीत, वारा चढला. मंडपाची झालर आडवी झाली, वर पोरांचे पतंग ठुमका न देताच चढत होते. त्या मुलाने भाईंना फोन केला नाही, मला विचारलं नाही. "पवन चढ्यो छे, खाली करावुं छुं," एवढं सांगून एकेक मूल उतरवलं, आत वाकून पुन्हा बघितलं, मगच ब्लोअर बंद केला. रांगेतली मुलं रडली, दोन बाप माझ्याशी हुज्जत घालायला आले. वारा पडेपर्यंत जंपिंग जमिनीवर पसरलेलं होतं. त्या वेळचे पैसे परत मागा असं खजिनदारांनी मला सुचवलं. मी नाही मागितले. करार तसा होता, आणि तसा नसता तरी मागितले नसते. त्या मुलाने माझ्या हिशेबी दिवसाचं सगळं भाडं त्या दहा मिनिटांत फेडलं.

ट्रॅम्पोलीन ठीक. जाळी एका जागी उसवलेली होती, ती त्यांनी सुतळीने शिवली; नवी जाळी आणायला हवी होती.

ट्रेनबद्दल तक्रार आहे. वेग दोन-अडीच वर्षांच्या मुलांसाठी जास्त होता, सांगितल्यावर कमी केला. तिची केबल चालायच्या वाटेवरून उघडी टाकली होती, त्यावर आम्हालाच सतरंज्या नि फळ्या घालाव्या लागल्या. एवढ्या राइड्स भाड्याने देणाऱ्याकडे केबलवरची रबरी पट्टी असायलाच हवी. जनरेटर स्टॉलच्या पाठीशी लावला, डिझेलच्या वासाने थालीपीठवाल्या बायका हैराण झाल्या. तो हलवायला पाऊण तास गेला. आणि जंपिंग आतून कळकट होतं, आम्ही साबणाच्या पाण्याने पुसून घेतलं.

दर: जंपिंग ३,५००, चकरी ३,०००, ट्रॅम्पोलीन २,५००, ट्रेन ७,०००. टेम्पो नि माणसांचे २,५०० वेगळे, आणि ते फोनवर सांगितले नव्हते. एकूण १८,५०० झाले. बाजारात याहून स्वस्त मिळतं. पण माणसं सोबत येतात का, किती येतात, हे स्वस्तवाल्याला विचारून बघा. इथे प्रत्येक राइडला एक माणूस होता आणि तो जेवायला गेला तर राइड बंद राहत होती.

नवरात्रीपासून लग्नसराई संपेपर्यंत यांचं सामान बाहेरच असतं, तेव्हा जानेवारीचं बुकिंग दिवाळीपूर्वी करा. आम्ही पुढच्या वर्षासाठी ट्रेन वगळून दोन चकऱ्या सांगितल्या आहेत, आणि जंपिंगवर तोच मुलगा हवा असं पावतीवर लिहून घेतलं आहे.