सेप्टिक टाकी झकास बसवली, पण कुठे?

लांजा तालुक्यात सासरच्या जागेवर आम्ही यंदा घर बांधलं. मी सरकारी इस्पितळात बत्तीस वर्षं नर्स होते, त्यामुळे बाकीचे फरशा निवडत होते तेव्हा माझा जीव संडासाच्या टाकीत अडकलेला. ते काम तालुक्याच्या बाजारात दुकान असलेल्या एका कंत्राटदाराला दिलं. त्याचं नाव लिहीत नाही, कारण हात चांगला आहे आणि पुढच्या वर्षी मलाच त्याला पुन्हा बोलवायचंय. दोन हजार लिटरची तयार प्लॅस्टिकची टाकी, शोषखड्डा, पाइप, चेंबर, मजुरी असे ७२ हजार ठरले होते. झाले ८१. वरचे नऊ हजार माझ्या हट्टाचे, ते मी कबूल करते.

पहिल्याच दिवशी त्याने पहारीने हातभर खोल भोक पाडून त्यात बादलीभर पाणी ओतलं. तीन मिनिटांत पाणी गडप. "बघा वहिनी, टाकी आयुष्यात तुंबायची नाही तुमची!" गडी खूश. मी मात्र उताराकडे बघत होते, कारण खाली चुलतजावेची विहीर आहे आणि दोन्ही घरं तिचंच पाणी पितात. जांभा म्हणजे भोकाभोकांचा दगड. मातीतून पाणी हळूहळू मुरतं तेव्हा जंतू मागे अडकतात, जांभ्याच्या चिरेतून गेलं की अडवणारं कोणीच नाही. तीन मिनिटांत गडप झालेलं पाणी कुठेतरी वर येणारच ना.

फीत लावली. त्याने आखलेल्या खड्ड्यापासून विहीर ३४ फूट. आपल्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस २४७० मध्ये, शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर लांब हवा असं आहे. साधारण ६० फूट. तेही साध्या मातीत धरून. जांभ्यात मी जास्तच धरीन. तर हा म्हणतो, "वहिनी, गावात सगळ्यांचे असेच आहेत." आहेत की! म्हणूनच आषाढात आमच्या वॉर्डात सलाइनच्या बाटल्या कमी पडायच्या आणि कावीळवाल्यांना खाट मिळायची नाही. ग्रामपंचायतीच्या अर्जातही शौचालय आहे का एवढंच विचारलं होतं, विहीर किती लांब आहे हे कोणी विचारलं नाही.

शेवटी खड्डा घराच्या दुसऱ्या अंगाला, काजूंच्या बाजूला नेला. विहिरीपासून ७२ फूट, आणि उतारही काजूंकडेच. चार इंची पाइप वाढला, वळणावर एक चेंबर वाढलं. तो आठ फूट खणणार होता, मी पाचवर थांबवलं. पावसाळ्यात भूजल वर येतं, खड्ड्याचा तळ त्यात बुडाला तर गाळणीच उरत नाही. भोवती अर्धा मीटर बारीक वाळू भरायला लावली. वाळूचा भाव ऐकून नवरा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

आता त्याची बाजू. टाकी त्याने पाण्याच्या नळीने पातळी घेऊन बसवली, बाहेर जाणारा पाइप आत येणाऱ्यापेक्षा बरोबर दोन इंच खाली, दोन्हीकडे टी (इंग्रजी टीच्या आकाराचा जोड). सांध्यावर सोल्युशन लावताना माणूस पाइपाला लेकरासारखा पुसत होता. एवढी सफाई मी मुंबईतल्या प्लंबरांकडे पाहिली नाही.

पण गडबड झालीच. मेच्या शेवटी टाकी खड्ड्यात ठेवून, भोवती माती न लोटता आणि आत पाणी न भरता, तो भाच्याच्या लग्नाला गेला. रात्री वळवाचा पाऊस पडला. सकाळी बघतो तर खड्डा तुडुंब आणि टाकी होडीसारखी कलंडून वर आलेली. नशीब, फुटली नाही. त्याने एक पैसा न घेता पुन्हा बसवली, या वेळी आत पाणी भरत भरत बाहेरून माती लोटली. हे पहिल्याच दिवशी करायचं असतं, हे त्यालाही माहीत होतं.

टाकीतला वायू बाहेर सोडणाऱ्या व्हेंट पाइपाला जाळी लावायला विसरला होता. ही बारीक गोष्ट वाटते, पण क्युलेक्स डास अशाच घाण पाण्यात वाढतात आणि हत्तीपाय त्यांच्यामुळेच पसरतो. मी माझा जुना नायलॉनचा मोजा तारेने बांधला, अजून तोच आहे.

त्याच्या पॅकेजमध्ये विहिरीचं पाणी तपासून देणंही होतं. हा भाग अगदीच ढिसाळ. त्याचा पोरगा शीतपेयाची धुतलेली बाटली घेऊन आला. जंतूंसाठी नमुना निर्जंतुक बाटलीत घ्यायचा, ती विसळायची नाही, बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत पोचवायची. मीच प्रयोगशाळेतून बाटली आणून दोरीने सोडली. अहवालात पीएच ६.१, जांभ्यातल्या विहिरींचं पाणी बहुधा असं आंबटच असतं. खरी चपराक पुढच्या ओळीत होती: ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारे जंतू, आढळले. पिण्याच्या पाण्यात १०० मिलीमध्ये एकही चालत नाही. आमची टाकी तर तेव्हा वापरातच नव्हती! म्हणजे वरच्या घरांचे जुने खड्डे. जाऊबाई ऐकून म्हणाली, "गो, चाळीस वर्षं पितोय आम्ही." तिच्या धाकट्याला लहानपणी दोनदा कावीळ झाली होती, ते मी बोलले नाही. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलं, पाण्यात क्लोरीन उरलंय का बघायच्या ओटी टेस्टला पिवळा रंग आला, म्हणजे उरलंय, तरी पिण्याचं पाणी दोन्ही घरांत उकळूनच.

कारागिरीला पाचपैकी साडेचार, जागेच्या अकलेला दीड, पाणी तपासणीला शून्य. त्याला काम द्या, पण तो यायच्या आधी फीत घेऊन जागा तुम्ही आखा आणि जाळी हातात ठेवा. परवा वाडीत दुसऱ्याकडे खणायला आला होता, तेव्हा कुंपणावरून ओरडला, "वहिनी, इथे विहीर ८० फुटांवर आहे, मोजली मी!"